जलीलभाई आणि समुद्रातला क्लास

जून महिन्यात आमच्या लातूर आवृत्तीत बातम्यांना जागा उरत नसे. निकाल लागले की आतली पानं क्लासच्या जाहिरातींनी भरून जात, आणि त्या आणणारा माणूस एकच होता, जाहिरात विभागातले जलीलभाई. संध्याकाळी ते आमच्या टेबलाशी येऊन उभे राहत आणि अदबीनं विचारत, "बिराजदारसायेब, ती पाणीटंचाईची बातमी जरा आटवता का? पाणी तसंबी कमीच हाय."

बातमी आटवावी लागे.

जलीलभाई मूळचे औशाचे. घरचा धंदा पत्र्याच्या पेट्यांचा. लातूरला क्लास वाढले, चाकूर-उदगीरपासून पोरं खोल्या करून राहायला लागली, तशा पेट्या खपू लागल्या. दुकान धाकट्या भावानं सांभाळलं. "भाऊ पेटी विकतो, अन् पेटीवाल्या पोरानं कुठं जायचं ते मी छापतो," असं ते सांगत. अंगानं रुंद, उंचीला बेताचे, बारा महिने करड्या रंगाचा सफारी. कचेरीत जाहिरात मोजायची पट्टी होती, पण ते वितीनं मोजत. पट्टी मागून लावली तर वीत बहुधा बरोबर निघे. चुकली तर म्हणत, "आज हात सुजलाय."

क्लासच्या जाहिरातीत तेव्हा गुणवंतांचे फोटो असत. मजकूर कोणी वाचत नसे, फोटो मोजत. एका वर्षी जलीलभाईंच्या लक्षात आलं, की शर्टाची कॉलर एका बाजूला वळलेला एक पोरगा तीन क्लासच्या जाहिरातींत आहे. तिन्ही क्लासचं म्हणणं होतं, तो आमचा. जलीलभाईंनी कोणालाच विचारलं नाही. तिन्ही जाहिराती त्यांनी एकाच पानावर, शेजारी शेजारी लावून घेतल्या. सकाळी गांधी चौकातल्या हॉटेलांत ते पान टेबलाटेबलांवर फिरलं. दुपारी तिन्ही संचालक आमच्या कचेरीत.

"जलील, हे काय केलंस?" त्यातला सर्वांत मोठा संचालक ओरडला.

"मी काय केलं सर? पोरगं तुमचंच हाय. तिघांचं बी हाय." जलीलभाई उठून खुर्च्या पुसू लागले. "बसा. चहा सांगतो. पोराला बी बोलवू का?"

संपादकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून समज दिली. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? "म्हणाले, पुन्हा असं करू नका. अन् ते पान घरी दाखवायला मागून घेतलं."

या प्रकारानंतर लोक जलीलभाईंकडे यायला लागले. जाहिरात द्यायला नव्हे, क्लास विचारायला. बाप मुलाला घेऊन येई, टेबलासमोर उभा राही. जलीलभाई बापाशी बोलतच नसत. मुलाला विचारत, "गणित चुकलं तर कुठल्या मास्तराला दाखवशील?" मुलगा गोंधळून बापाकडे बघे. "तिकडं नको बघू. ज्याला चुकलेलं दाखवू वाटंल, त्याच्याकडं जा. बरोबर आलेलं तर पानवाल्याला बी दाखवता येतं."

त्यांची दुसरी पद्धत चहाच्या टपरीची. क्लास कसा आहे हे क्लासमध्ये जाऊन कळत नाही, असं त्यांचं मत होतं. बॅच सुटते तेव्हा समोरच्या टपरीवर बसायचं आणि बाहेर पडणारी पोरं काय बोलतात ते ऐकायचं. सरांच्या विनोदांवर हसत असतील तर उठून जायचं. उत्तरावरून भांडत असतील तर दुसरा चहा सांगायचा.

एक प्रश्न मात्र त्यांनी क्लासकडून घेतलेला नव्हता. तो भूकंपातून आला. भूकंप झाला तेव्हा ते नोकरीत नवे होते. जाहिराती बंद होत्या, म्हणून त्यांना अंकांचे गठ्ठे देऊन गावोगाव पाठवत. एकदा मी जीपमध्ये बरोबर होतो. एका गावात दगडमातीच्या पडलेल्या घरापुढे दोन तुकड्या आल्या. एकीनं आधी बॅनर बांधला आणि घोषणा देत आत शिरू लागली. दुसरीत चारच माणसं होती. त्यांच्या म्होरक्यानं आत पाऊल टाकण्याआधी कमरेला दोर बांधला, दोराचं टोक धरायला एकाला बाहेर उभं केलं, दोर दोनदा ओढला तर काय आणि तीनदा ओढला तर काय ते ठरवलं. पहिल्या तुकडीला त्यानं हात धरून मागे ओढलं. थोड्या वेळानं जमीन पुन्हा हलली आणि पुढची भिंत बसली. तोवर कोणी आत नव्हतं. नंतर त्याच माणसानं मागच्या बाजूनं वाट काढून एका म्हाताऱ्या बाईला बाहेर आणलं. जीपमध्ये जलीलभाईंनी उरलेले गठ्ठे पायाशी नीट लावले. मग म्हणाले, "आत कसं जायचं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं."

तेव्हापासून ते कोणालाही विचारत, परत कसं यायचं ते सांग. मोटारसायकल घेणाऱ्याला विचारत, लग्न ठरलेल्यालाही विचारत.

त्यांची मुलगी सना नांदेडला मावशीकडे राहून प्राणिशास्त्र शिकली. बाप लातूरचा आणि मुलगी वैद्यकीयच्या मागे लागली नाही, याचं गावाला नवल वाटे. जलीलभाई सांगत, "लातुरात एक तरी घर डॉक्टराबिगर पाहिजे. पेशंट कोण होणार?" समुद्रकाठच्या एका अभ्यासशिबिरात ती साधं डायव्हिंग शिकली आणि पुढे सुट्टी मिळाली की पाण्यात. मग खोल पाण्यातल्या प्रवाळांवर काम करणाऱ्या एका संशोधन प्रकल्पात तिला जागा देऊ केली गेली. अट एक होती. तो हंगाम सुरू होण्याआधी टेक्निकल डायव्हिंगचा कोर्स पुरा करून प्रमाणपत्र दाखवायचं.

ती लातूरला आली तेव्हा आधी कचेरीतच आली. जलीलभाईंनी मला हाक मारली. "सायेब, या. ही काय सांगायलीय ते दोघं मिळून ऐकू."

सनानं सांगितलं ते असं. साध्या डायव्हिंगमध्ये काही बिघडलं तर हळूहळू वर येता येतं. यात तसं नाही. खोल पाण्यात जास्त वेळ राहिलं की श्वासातला वायू शरीरात मुरतो. सरळ वर आलं तर तो बुडबुड्यांसारखा सुटतो, माणूस लुळा पडतो किंवा मरतो. म्हणून वर येताना ठरलेल्या खोलीवर, ठरलेला वेळ थांबत यावं लागतं. पाठीवर दोन टाक्या, बाजूला वायूंच्या वेगळ्या मिश्रणाची आणखी एक, आणि खाली काहीही बिघडलं तरी ते तिथंच निस्तरायचं.

"म्हंजे थांबे घेत यायचं," जलीलभाई म्हणाले. "लातूर-सोलापूर गाडीवानी."

"हो अब्बा. पण एकही थांबा गाळायचा नाही."

"मग यष्टीपेक्षा बरी हाय."

तिनं कोर्स निवडूनही ठेवला होता. पुद्दुचेरीत. फोनवर जाहिरात दाखवली. आठवडाभरात पूर्ण, प्रमाणपत्राची खात्री. जलीलभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि प्रूफ वाचावं तशी ती दोनदा वाचली.

"खात्री कशाची द्यायलाय हा? सर्टिफिकेटची. वर येण्याची न्हाई."

"अब्बा, सगळे असंच लिहितात."

"बेटा, कोण कसं लिहितं ते मला सांगतीस? आयुष्यभर हेच छापलंय मी."

घरात सनाच्या आईनं, नसीमभाभींनी, निकाल आधीच दिला होता. पोरगी जाईल, पण मास्तर बापानं डोळ्यानं बघून यायचा. बापाला पटला नाही तर प्रकल्पही नाही. सना मोठी होती, नांदेडला नोकरी करून पगार मिळवत होती. तिनं तरीही ते मान्य केलं. हंगामाला फार अवकाश नव्हता.

पुढचे काही दिवस जलीलभाई जाहिरात विभागाच्या फोनवरून देशभरातल्या डायव्हिंग प्रशिक्षकांशी बोलत होते. मला टेबलावर बसून एकच बाजू ऐकू येई. "बॅच किती पोरांची? टेस्ट सिरीज हाय का? रिपीटर बॅच अलग लेते क्या? नापास झालेल्या पोराचा नंबर मिळंल का?" काहींनी फोन ठेवले. एकानं अभिमानानं सांगितलं, आमच्याकडे कोणी नापास होत नाही. जलीलभाईंनी त्याला दुवा दिली आणि त्याचं नाव खोडलं.

पुद्दुचेरीतल्याच सेल्वी नावाच्या बाईंनी सांगितलं, की त्या एका वेळी दोनच विद्यार्थी घेतात. तेही नाव खोडलं गेलं.

"का?" मी विचारलं.

"दोन पोरांची बॅच? सायेब, म्हंजे क्लास चालत न्हाई बाईचा."

लातूरचा माणूस याहून वेगळा विचार करूच शकत नव्हता. आमच्याकडे चांगल्या क्लासमध्ये मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, म्हणून मध्ये टीव्ही लावतात. पण याच बाईंनी, मागितल्याबरोबर, आपण थांबवलेल्या एका विद्यार्थ्याचा नंबर दिला होता. तो हैदराबादचा निघाला. जलीलभाई त्याच्याशी अर्धी दुपार दखनी उर्दूत बोलले. त्यात बिर्याणीही आली. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले.

"दोनदा घरी पाठवलं म्हणे बाईनं. तयारी न्हाई म्हणून. अन् हा तिसऱ्यांदा जायलाय. वर तिची तारीफ करायलाय."

"मग?"

"मग काय? बघाया पायजे. तुमी बी चला. तुमाला खरं-खोटं कळतं असं लोक म्हणतात."

मी रजा काढली. आम्ही नांदेडला जाऊन सनाला घेतलं. मावशीनं डबा दिला, जो सिकंदराबादपर्यंतही पुरला नाही, कारण जलीलभाईंनी तो गाडीतल्या सगळ्यांना वाटला. चेन्नईहून बसनं पुद्दुचेरीला पोचलो.

आधी खात्रीवाला कोर्स बघितला. काचेची कचेरी, गार हवा, भिंतभर विद्यार्थ्यांचे फोटो. तिथल्या तरुण प्रशिक्षकानं माहितीपत्रक दिलं. जलीलभाईंनी सवयीनं त्यावर वीत ठेवली आणि बाहेर येऊन धक्क्यासमोर टपरी शोधली. होडी आली. उतरणारी मुलं मोबाइल काढून फोटो बघत होती. कोण किती खोल गेलं याची चढाओढ चालली होती, आणि होडीवरचा त्यांचा प्रशिक्षक सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. जलीलभाईंनी चहा अर्धा सोडला.

दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसून आम्ही सेल्वीबाईंची होडी येताना पाहिली. बाई लहानखुऱ्या, केस आखूड, आवाज चढलेला कधी ऐकला नाही. बरोबर दोन विद्यार्थी. टाक्या उतरवून तिघं वाळूवर बसली आणि त्यांच्यात हलक्या आवाजात वाद सुरू झाला. इंग्रजीत होता. जलीलभाई सनाला कोपरानं ढोसू लागले.

"काय म्हणायलाय तो उंच पोरगा?"

"तो म्हणतोय, दुसऱ्या थांब्यावर त्याचा तोल गेला. ठरल्यापेक्षा वर सरकला."

"पकडलं कुणी? बाईनं?"

"नाही. बाईंनी पाहिलंच नव्हतं. त्यानं स्वतः सांगितलं."

"कुणाला?"

"बाईंनाच सांगतोय ना, अब्बा."

"आपण होऊन?"

"हो."

जलीलभाईंनी टपरीवाल्याला बोटानं आणखी तीन चहा सांगितले.

बाईंशी भेट झाली ती त्यांच्या शेडमध्ये, टाक्यांच्या रांगेत. पाटी नव्हती, फोटो नव्हते. बाईंचं हिंदी मोडकं आणि जलीलभाईंचं दखनी पक्कं, तरी जमलं. जलीलभाईंनी आपला ठेवणीतला प्रश्न टाकला. परत कसं यायचं?

"वही सिखाती हूँ," बाई म्हणाल्या. "नीचे जाना कोई भी सिखाएगा."

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, सनाला. आतापर्यंत पाण्याच्या काठावर जाऊन न उतरता किती वेळा परतलीस?

"एकदाही नाही," सना अभिमानानं म्हणाली.

बाईंचा चेहरा उतरला. "हं. तो टाइम लगेगा." जलीलभाई माझ्याकडे झुकून कुजबुजले, "पहिल्याच पेपरात गेली हो पोरगी."

शेवटी जलीलभाईंनी डेमो लेक्चर मागितलं. लातूरला प्रवेशाआधी बाप मुलासोबत मागच्या बाकावर बसून एक तास ऐकतो. त्यात गैर काही नाही. बाईंना वाटलं, यांनाही पाण्यात उतरायचं आहे. त्यांनी मुकाट्यानं डायव्हिंगचा एक काचेचा मास्क जलीलभाईंच्या हातात दिला. औशाच्या माणसाला पोहता येत नसतं. तरीही जलीलभाईंनी सफारीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, शेडमागच्या पोहण्याच्या तलावाच्या उथळ पायरीवर बसले आणि तोंड पाण्यात घातलं. लगेच वर आले. मिशांतून पाणी गळत होतं.

"सायेब, आत लई शांत हाय. जाहिरातीचा धंदा चालणार न्हाई हितं."

सनाचं नाव घातलं गेलं. घरी फोन गेला. बरोबर दुसरा विद्यार्थी पुण्याचा होता. सुरुवातीचे दिवस तलावात गेले: डोळे झाकून पाठीवरच्या टाकीची तोटी बंद करणं, जोडीदाराला आपली नळी देणं, एकाच खोलीवर न हलता थांबणं. मग समुद्र. जलीलभाई रोज टपरीवर बसत आणि होडी आली की आधी माणसं मोजत. सनाला ते लाजिरवाणं वाटे. "अब्बा, शाळेच्या गेटवर उभे असल्यासारखं करता."

"मग तसंच हाय की. गेट तेवढं ओलं हाय."

शेवटच्या, सर्वांत खोल डुबकीच्या दिवशी माझी रजा संपत होती. गाडी संध्याकाळची. ही एक डुबकी झाली की कोर्स पुरा, प्रमाणपत्र, प्रकल्प. हवामानखात्यानं दुसऱ्या दिवसापासून समुद्र खवळण्याचा इशारा दिला होता, म्हणजे मग काही महिने डुबकी नाही, आणि आज नाही तर या हंगामात नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी होडी गेली. आम्ही टपरीवर बसलो. 

होडी लवकर दिसली. फारच लवकर. जलीलभाई उठले. धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन त्यांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. बाई दिसल्या. पुण्याचा मुलगा दिसला. मग नांगराच्या दोराशी बसलेली सना दिसली, आणि जलीलभाईंनी हात खाली घेतला.

ती उतरली तेव्हा तिचे केस कोरडे होते.

"काय झालं?"

"उतरायच्या आधी माझ्या एका नळीच्या जोडातून बुडबुडे येत होते. थोडेच. चालून गेलं असतं, अब्बा." तिनं तो जोड बोटानं दाखवला. "पण मी नको म्हणाले."

"मॅडम काय म्हणल्या?"

"काही नाही. का म्हणूनही विचारलं नाही. होडी वळवली."

बाई टाक्या उतरवून घेत होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, डुबकी झालेली नाही, प्रमाणपत्र देता येणार नाही. समुद्र निवळला की पुढच्या हंगामात यावं. सनानं मान हलवली. प्रकल्पाची त्या वर्षीची जागा गेली, हे तिथल्या तिथं ठरलं. ती तोंड फिरवून वाळूत बसली.

जलीलभाई तिच्याशेजारी क्षणभर उभे राहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग टपरीवर जाऊन आपली कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत पेढे होते. लातूरहून आणलेले, निकालाचे, आमच्यापासूनही लपवलेले. त्यांनी खोक्याची सुतळी दातानं तोडली.

"अब्बा," सना म्हणाली, "ते पास झाल्यावरचे आहेत ना?"

"हौ. मग?"

पहिला पेढा घेऊन ते सेल्वीबाईंपुढे उभे राहिले. बाई गोंधळल्या. "भाईसाब, पास नहीं हुई है।"

"मालूम है मॅडम। मुँह खोलो।"

बाईंनी तोंड उघडलं. सना रडता रडता हसायला लागली.

सना पुढच्या हंगामात पुन्हा गेली, कोर्स पुरा केला आणि एका वर्षानं त्याच प्रकल्पात रुजू झाली. हे मला फोनवर कळलं. परतल्यावर लगेच माझी बदली झाली होती. जलीलभाई निवृत्त होऊन औशाला राहायला गेले, आणि मी एकदा येतो येतो म्हणत असतानाच त्यांच्या जाण्याची बातमी आली. त्यामुळे त्या दिवशी गाडीसाठी निघताना रिक्षात बसल्यावर मी मागे वळून पाहिलं, तीच आमची शेवटची भेट.

खोकं घेऊन ते धक्क्यावरच्या होड्यांच्या रांगेत शिरले होते. जाळी विणणारे कोळी तमिळमध्ये काहीतरी विचारत होते आणि ते लातुरी मराठीत सविस्तर उत्तर देत होते. एका मासेवाल्या बाईनं पेढ्याची चव पाहिली, तो खाल्ला, आणि फुकट नको म्हणून त्यांच्या हातात एक चांगला लांब मासा दिला. एका हातात पेढे, दुसऱ्या हातात मासा, खांद्यानं कानाशी दाबून धरलेला फोन. पलीकडे नसीमभाभी असणार.

"न्हाई, न्हाई, पास न्हाई झाली," ते ओरडून सांगत होते. "ऐक तर! लई चांगलं झालं!"